मोबाईल कोणाचा आणि वाजले किती?

वाचकांचे प्रश्न : शाळा, मुलं आणि मोबाईल

या वेळची बहुतेक पत्रं सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांची आहेत. बरीचशी ‘मोबाईलमुळे मुलं बिघडली’ या वाक्याने सुरू होतात. या वाक्याला धरून काहीच करता येत नाही. फोन कोणाचा, मुलाच्या हातात येतो तेव्हा वाजलेले किती असतात आणि त्यात उघडलेलं काय असतं, एवढं कळलं की उपाय सापडायला लागतो. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : नववीची वर्गशिक्षिका आहे, शाळा शहराच्या पूर्व भागात. सकाळची शाळा सुरू झाली की पहिल्या दोन तासांना अर्धा वर्ग पेंगतो. पालकांना सांगितलं तर म्हणतात, ‘मोबाईल आमचाच आहे की मॅडम, पोराला वेगळा घेऊन दिलेलाच नाही.’ मग रात्री चालतं तरी काय?

उत्तर : आधी झोपेचा हिशोब मांडू. तेरा ते अठरा वयाला रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते. सातची शाळा म्हणजे सहाला उठणं, म्हणजे दहाला डोळा लागायला हवा. पण वयात येताना शरीराचं घड्याळ आपोआप पुढे सरकतं. ‘दहाला झोप येत नाही’ हे या वयात ढोंग नसतं. त्यात डोळ्यापासून वीतभर अंतरावर उजळलेला पडदा असला की झोप आणखी लांबते.

पालक खोटं बोलत नाहीत. फोन आईचाच असतो. दिवसभर तो तिच्याबरोबर कामावर असतो आणि मुलाच्या हातात पडतो तो ती झोपल्यावर. म्हणून दिवसा मोबाईल न दिसणाऱ्या घरात रात्री तो सगळ्यात जास्त चालतो.

रात्री बारा वाजता आणखी एक गंमत होते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकचा डेटा बाराला नव्याने मिळतो. अकराला उरलेला डेटा ‘वाया जाऊ नये’ म्हणून संपवायचा आणि बाराला नवा आला की तो उघडून बघायचा, असा मुलांचा हिशोब असतो. काही कंपन्यांच्या पॅकमध्ये तर बारा ते सहा डेटा मोजतच नाहीत. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये, म्हणजे फोनच्या वापरावर लगाम घालायच्या सेटिंगमध्ये, लावलेली ॲपची रोजची मर्यादाही बरोबर बाराला शून्यावर येते. पालकांनी यूट्यूबला एक तास लावलेला असतो, तो अकरा वाजता संपतो आणि बाराला पोराला आणखी एक तास मिळतो. त्यामुळे नुसती तासांची मर्यादा रात्री कुचकामी ठरते. रात्रीसाठी वेळापत्रकच लावावं लागतं.

आता वर्गात काय करायचं. नाव न लिहिता एक चिठ्ठी भरून घ्या, त्यात तीनच प्रश्न : काल रात्री फोन खाली ठेवला तेव्हा किती वाजले होते, तो कोणाचा होता, रात्रभर चार्जिंगला कुठे होता. चौथा प्रश्न घालू नका, मुलं उत्तरं शोभिवंत करायला लागतात. चिठ्ठ्यांची बेरीज फळ्यावर मांडा. तीच बेरीज पालकसभेत वाचून दाखवा. ‘तुमचा मुलगा’ म्हटलं की पालक वाद घालतात, ‘या वर्गातल्या बेचाळीसपैकी इतके’ म्हटलं की ऐकून घेतात.

पालकांकडे मागणी एकच करा : चार्जरची जागा बदला. अंथरुणाजवळच्या बोर्डावरून तो स्वयंपाकाच्या ओट्याजवळ किंवा दाराजवळ न्या आणि घरातले सगळे फोन दहाला तिथे लावा. पहिली सबब ठरलेली असते, ‘गजर मोबाईलवर लावतो.’ म्हणून दीडदोनशे रुपयांचं गजराचं घड्याळ घ्यायला सांगा. या सगळ्यात खर्चाची बाब तेवढीच. ज्या घरात एकच खोली आहे तिथे चार्जर हलवून फारसा फरक पडत नाही. तिथे फोनचं लॉक बदला आणि नवा आकडा आईनेच आपल्याजवळ ठेवावा. बोटाच्या ठशात मुलाचं बोट आधीच नोंदवलेलं असतं, ते काढून टाकायला बहुतेक जण विसरतात.

मुलाला स्वतंत्र फोन असेल तर त्याचं खरी जन्मतारीख घातलेलं वेगळं गुगल खातं उघडा, आई किंवा वडिलांच्या फोनवर फॅमिली लिंक (मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं गुगलचं ॲप) टाका आणि त्यात रात्री दहा ते सकाळी सहा ‘डाउनटाइम’, म्हणजे फोन बंद राहायची वेळ, लावा. आईच्या खात्यावर चालणाऱ्या फोनला फॅमिली लिंक लावता येत नाही. इथेच पालक अडकतात आणि ‘ते ॲप चालत नाही’ म्हणून सोडून देतात. डिजिटल वेलबीइंगमधला बेडटाइम मोड पडदा करडा करतो, त्याने उत्साह थोडा ओसरतो, पण ज्याच्या हातात फोन तो दोन टिचक्यांत हा मोड काढून टाकतो. मोठ्यांनी स्वतःसाठी लावावा, मुलासाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

झोप एका रात्रीत मागे येत नाही. साडेबाराला झोपणाऱ्याला एकदम दहाला आडवं केलं तर तो अंधारात जागाच राहतो आणि तिसऱ्या दिवशी घरात भांडण होतं. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. रविवारी उठण्यात तासाभरापेक्षा जास्त सूट देऊ नका. आणि सोलापुरात खास बघायची गोष्ट म्हणजे दुपार. मार्चनंतर सकाळच्या शाळेतून आलेलं पोर जेवून दोनला झोपतं ते ऊन उतरल्यावर पाचला उठतं. तीन तास दुपारी झोपलेल्याला रात्री दहाला झोप कुठून येणार? दुपारी अर्धा तास, तोही तीनच्या आत.

आणि पेंगणारा प्रत्येक जण मोबाईलवालाच असतो असं धरू नका. रात्री उशिरा नळाला पाणी आलं म्हणून उठणारी, पहाटे आईबरोबर विड्या वळून मग शाळेत येणारी मुलं तुमच्याच वर्गात असतात. एखादी मुलगी पांढुरकी दिसत असेल, दोन जिने चढून धापा टाकत असेल तर नागरी आरोग्य केंद्रात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच गिळते की खिडकीतून जाते, तेही बघा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. आमच्याही गावात करावं का, असं दोन पत्रांत विचारलं आहे. जरूर करा, पण त्यातलं मर्म भोंगा नव्हे. त्या वेळात मोठ्यांचाही फोन बंद असतो. आजोबांची बातमी आणि आईची मालिका चालू ठेवून फक्त मुलांचा भोंगा वाजवला तर ते गावात आठवडाभरही टिकणार नाही.

प्रश्न : शाळेत मोबाईल आणणाऱ्या मुलांचे फोन आम्ही वर्ष संपेपर्यंत कपाटात ठेवतो. एकाचा तर सरांनी सगळ्यांसमोर आपटला. पालक भांडायला आले. आमचं चुकलं का? (मुख्याध्यापक, मोहोळ तालुका)

उत्तर : आपटला ते चुकलंच. ती पालकांची मालमत्ता आहे. शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. वर्षभर ठेवणंही नको. त्या फोनमधल्या सिमवर घरचे ओटीपी येत असतात, गॅसच्या नोंदणीपासून बँकेपर्यंत. नियम लेखी करा, जूनच्या पहिल्या पालकसभेत सह्या घ्या. फोन सापडला की मुलासमोर बंद करून पाकिटात घाला, पाकिटावर नाव आणि वेळ, त्याच दिवशी पालकांच्या हातात. फोन उघडून आतलं बघू नका, मूल ‘बघा सर’ म्हणालं तरी.

प्रश्न : टाळेबंदीत केलेला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे. गृहपाठ त्यावरच टाकते. आता रात्री अकराला ‘मॅम उद्या काय आणायचं’ येतं, आणि मागच्या आठवड्यात एका मुलाच्या फोटोचं स्टिकर करून कोणीतरी टाकलं. ग्रुप बंद करू का? (आठवीची शिक्षिका, अक्कलकोट)

उत्तर : ग्रुप ठेवा, गृहपाठ काढून घ्या. फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या. गृहपाठ ग्रुपवर टाकला की मुलाला रोज संध्याकाळी फोन मागायचं शाळेनेच दिलेलं कारण मिळतं. ‘अभ्यास आलाय’ म्हणून घेतलेला फोन दीड तासाने परत येतो आणि त्यातला अभ्यास चार मिनिटांचा असतो. ज्या घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर रात्रपाळीला गेलेला असतो, त्या घरातलं मूल दुसऱ्या दिवशी गृहपाठाशिवाय येतं, ते वेगळंच.

ग्रुप फक्त पालकांच्या नंबरांचा करा आणि नावातच ‘पालक’ घाला. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमाने वापरणाऱ्याचं वय किमान तेरा लागतं, त्यामुळे सातवीपर्यंतच्या मुलांचा ग्रुप शाळेने करणं तसंही बसत नाही. ग्रुपच्या माहितीत जाऊन ग्रुप परमिशन्समध्ये सदस्यांचं संदेश पाठवणं बंद करा, म्हणजे फक्त ॲडमिन लिहू शकेल. ॲडमिन दोन असू द्या, एक तुम्ही आणि एक मुख्याध्यापक. सूचना संध्याकाळी सहाच्या आत. सहानंतर आठवलेली सूचना सकाळी. रात्री अकराच्या प्रश्नाला तुम्ही एकदा उत्तर दिलंत की ती तुमची वेळ ठरून गेली.

स्टिकरचं वेगळं आहे. ते ज्याने टाकलं त्याच्याकडून ‘सर्वांसाठी डिलीट’ करून घ्या किंवा ॲडमिन म्हणून तुम्ही करा. पण ज्यांनी ते आवडत्यांत साठवून ठेवलं त्यांच्याकडे ते तसंच राहतं, हे लक्षात ठेवा. म्हणून वर्गात नाव न घेता सांगा की साठवलेलं काढा आणि ज्याचा फोटो होता त्या मुलाला एकट्याला भेटून ‘आम्ही काढायला लावलंय’ एवढं कळवा. सगळ्यांसमोर त्याची बाजू घेतली तर पुढचं स्टिकर तुमच्या बोलण्याचं होईल.

मुलांचा आपापला गुप्त ग्रुप असतोच, ‘९ ब ओन्ली बॉईज’ छाप. त्यात हेर पेरू नका. आज ना उद्या ते फुटतं आणि त्या हेराचं शाळेत येणं मुश्कील होतं.

प्रश्न : दहावीतल्या मुलीच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं काढलंय. तिचा चेहरा दुसऱ्याच अश्लील फोटोला चिकटवलाय. मुलगी आठ दिवस शाळेत नाही. संस्थेतून सांगतात, शाळेचं नाव जाईल, घरच्या घरी मिटवा. मी काय करावं?

उत्तर : घरच्या घरी मिटवण्याचा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. मुलगी अठराच्या आतली आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाचालकांना हे कलम छापून दाखवा. नावाची काळजी मग वेगळ्या दिशेने सुरू होते.

क्रम असा ठेवा. पहिलं, पुरावा. खात्याच्या मुख्य पानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वापरकर्त्याचं नाव पूर्ण दिसलं पाहिजे. खात्याची लिंक कॉपी करून तारीख-वेळेसह कागदावर उतरवा. तो फोटो मात्र कोणालाही पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही नाही, ‘माहितीसाठी’सुद्धा नाही. मुलांची अश्लील प्रतिमा पाठवणं किंवा जमवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब मध्ये येतं, पहिल्या वेळेला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. शिक्षकांच्या ग्रुपवर ‘बघा काय चाललंय’ म्हणून फोटो टाकणारे स्वतःच आरोपी होऊ शकतात.

दुसरं, तक्रार. पुरावा घेण्याआधी इन्स्टाग्रामवर रिपोर्ट करू नका, खातं उडालं की हातात काही उरत नाही. पुरावा झाला की मुलीच्या स्वतःच्या खात्यावरून ‘दुसऱ्याचं सोंग घेतलंय’ या कारणाखाली रिपोर्ट करा. आयटी नियम २०२१ प्रमाणे असा मजकूर कंपनीला ठरलेल्या तासांत काढावा लागतो. ‘टेक इट डाऊन’ ही सेवा अठराखालच्या मुलांच्या अशा फोटोंसाठीच आहे. ती फोटोचा सांकेतिक आकडा फोनमध्येच तयार करते, फोटो फोनबाहेर जात नाही, आणि त्या आकड्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या ठिकाणी तोच फोटो अडवला जातो.

तिसरं, पोलीस. शहरात पोलीस आयुक्तालय आहे आणि बाकीचा जिल्हा सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे. शाळा जुळे सोलापुरात आणि मुलगी राहते उत्तर तालुक्यातल्या गावात, अशा वेळी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ ऐकू येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी ठाण्याने तक्रार नोंदवून मग वर्ग करायची असते. कलमाचा आकडा बोला, आवाज चढवू नका. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर महिला आणि बालकांसंबंधीच्या गुन्ह्यांचा वेगळा पर्याय आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. १९३० हा फोन मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. सोलापूरकरांना तो पाठ करावा लागू नये, इंग्रजांनी शहरात लावलेल्या मार्शल लॉचं सालच आहे. मुलांसाठीचा क्रमांक १०९८.

करणारा वर्गातलाच निघू शकतो. निघाला तर तोही अठराच्या आतला, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. त्याचं नाव फलकावर लावायचं नाही, त्याला वर्गासमोर उभं करायचं नाही.

आणि मुलगी. ‘तूच फोटो टाकले असशील’ आणि ‘काही दिवस घरीच थांब’ ही दोन वाक्यं शाळेतल्या कोणीही बोलू नयेत, शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत. तिला आणायला एक शिक्षिका घरी जाऊ दे. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी कोण बसेल हे आधी ठरवून ठेवा. बहुतेक मुली परतल्यावर सगळ्यात जास्त घाबरतात ते त्या वीस मिनिटांना.

प्रश्न : ‘माझा आवडता सण’ निबंधात चौदा जणांनी गड्ड्याची (सोलापूरच्या सिद्धेश्वराची) यात्रा लिहिली आणि चौदाही निबंध एकाच हाताने लिहिल्यासारखे. ‘सांस्कृतिक वारशाचे जतन’ वगैरे. एआयचं लिखाण ओळखायचं एखादं सॉफ्टवेअर सांगा. (मराठीचे शिक्षक, बार्शी)

उत्तर : भरवशाचं असं नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच आपलं ओळखण्याचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. मराठीत तर अशा साधनांचा निकाल नाणं उडवल्यासारखा. प्रामाणिक मुलावर एकदा आळ आला की ते पुढचा निबंधही यंत्राकडूनच लिहून घेतं, आळ तसाही येणारच म्हणून.

तसं बघितलं तर गाईडातून निबंध उतरवणं जुनंच आहे. ‘माझा आवडता सण’ हा विषयच उतरवून घेण्याच्या लायकीचा आहे. त्याच यात्रेवर असं विचारा : होम मैदानावर तू जिथे उभा होतास तिथून दहा पावलांत काय-काय दिसलं, किती पैसे नेले होते, कशावर गेले, काय घ्यायचं राहून गेलं. नंदीध्वज जाताना तुझ्या उंचीवरून काय दिसलं? लोकांच्या पाठीच दिसल्या असतील तर पाठी लिही. हे यंत्राला माहीत नसतं. ते रंगीबेरंगी दुकानं आणि भाविकांची गर्दी लिहून मोकळं होतं.

दुसरं, टिपणं घरी, लेखन वर्गात. घरून जास्तीत जास्त वीस शब्दांचं टिपण आणायचं, वर्गात पंचवीस मिनिटांत लिहायचं. तिसरं, तोंडी. रोज पाच मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, त्याच्याच निबंधातल्या एका शब्दाचा अर्थ आणि एका वाक्यामागचं कारण. ‘जतन म्हणजे काय रे?’ एवढ्यावर बरंच कळतं.

आणि यंत्र वर्गात आणाच, पण तपासायला. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर त्याला मराठीत दोनशे शब्द लिहायला सांगा, छापा, चार-चार मुलांच्या गटांना वाटा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली, एवढी माहिती तुमच्या हातात पक्की ठेवा. यंत्राच्या मजकुरात नाव, तारीख, जागा, क्रम यांतलं काय चुकलंय ते मुलांनी शोधायचं, प्रत्येक सापडलेल्या चुकीला एक गुण, आणि ती चूक आहे हे कुठल्या पुस्तकातून सिद्ध केलं त्याला आणखी एक. रोज चार हुतात्मा चौकातून सायकलने जाणारी मुलं यात हिरिरीने भाग घेतात. उत्तर एकदम बरोबर आलं तर त्याच यंत्राला तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारा आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.

प्रश्न : आठवीतला मुलगा गेम खेळताना फोन काढून घेतला तर वस्तू फेकतो. वडिलांच्या खात्यातून अकराशे रुपये गेलेत. हे व्यसन म्हणायचं का?

उत्तर : फोन काढून घेताना चिडला, एवढ्यावर व्यसन म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ती आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. त्याच्या खुणा तीन : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचं स्थान, आणि नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं. हेही साधारण बारा महिने आणि घर-शाळा-मित्र सगळीकडे फटका बसण्याइतकं. मुलगा सुट्टीत मैदानावर जातो का, मित्र आले तर फोन ठेवतो का, ते आधी बघा.

वस्तू फेकण्यामागे बऱ्याचदा वेळ चुकलेली असते. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया) या गेमची एक मॅच पंचवीस-तीस मिनिटं चालते, फ्री फायर मॅक्सची दहाच्या आसपास. मधूनच उठलं तर गुण जातात आणि बरोबरचे तीन जण शिव्या घालतात. त्यामुळे ‘पाच मिनिटांत ठेव’ हे वाक्य त्याच्या कानात शिरतच नाही. ‘ही मॅच संपली की ठेव’ म्हणा आणि लॉबीत, म्हणजे मॅचआधीच्या पडद्यावर, परतला की हात पुढे करा. जेवणाच्या तासभर आधी नवी मॅच सुरू करू द्यायची नाही, हा नियम मिनिटांच्या हिशोबापेक्षा पाळायला सोपा.

पैशाचं मूळ निराळंच असतं. युपीआयचा पिन मुलाला आईनेच सांगितलेला असतो, कारण किराणावाल्याचे पैसे तोच पाठवतो. पिन बदला. युपीआय लाइट बंद करा, त्यात हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिनच लागत नाही. युपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादी उघडून नको ते काढा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. पैसे जाऊन अठ्ठेचाळीस तास झाले नसतील तर गुगल प्लेवर परताव्याची विनंती लगेच टाका. पैसे लावून पैसे कमावायच्या गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, मुलगा ‘जिंकून परत आणतो’ म्हणत असेल तर तो अशाच कुठल्या तरी ॲपवर आहे असं समजा आणि त्याच दिवशी १९३० ला फोन लावा.

बारा महिने आणि तिन्ही खुणा जुळत असतील तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलतात. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या वापरासाठीच वेगळं क्लिनिक चालतं. सोलापूरहून तिकडे थेट गाड्या आहेत, पण आधी सिव्हिलला दाखवा.

प्रश्न : मुलं वर्गात रीलमधली भाषा बोलतात, ‘भाई’ लोकांचे स्टेटस ठेवतात. तलवारीने केक कापायचं वेड आलंय. समजावून कंटाळलो. (सांगोला)

उत्तर : व्हिडिओवर बोलू नका, व्हिडिओ त्यांच्यापर्यंत कसा येतो ते दाखवा. तीस कोऱ्या चिठ्ठ्या घ्या, सहांवर विनोद लिहा. पहिल्या दिवशी गड्डीत दर पाचवी चिठ्ठी विनोदाची ठेवा आणि तसं सांगून एकेकाला उचलायला लावा. मुलं चार ढकलतात, पाचवी घेतात, गड्डी संपायच्या आत कंटाळतात. दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठ्या पिसून ठेवा. आता कोणती लागेल माहीत नाही, म्हणून हात थांबत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच पाहिलं होतं. बोटाने रील वर सरकवणं म्हणजे ही पिसलेली गड्डी, आणि ती संपत नाही, एवढाच फरक.

मग घरी करायचं काम द्या : यूट्यूबची पाहिलेल्यांची नोंद पुसून बंद करायची. तसं केलं की पहिलं पान जवळजवळ रिकामं होतं, हवं ते शोधूनच बघावं लागतं. इन्स्टाग्रामवर सुचवलेला मजकूर नव्याने सुरू करायचा पर्याय आहे. तिथे किशोरांची वेगळी खाती फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही आली, रात्री दहा ते सात सूचना बंद असतात, पण मुलाने वय एकोणीस टाकलेलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. तलवारीबद्दल दोनच वाक्यं पुरेत : असे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवले जातात, आणि पुरावा त्यांनी स्वतःच टाकलेला असतो.

प्रश्न : तुम्ही सगळे फोन दूर ठेवा म्हणता आणि पाठ्यपुस्तकातच क्यूआर कोड छापलेत. आम्ही पालकांना काय सांगायचं? (जिल्हा परिषद शाळा, माढा तालुका)

उत्तर : तुमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, त्यामुळे फोन टाकून द्या असं माढ्याला तरी आम्ही सांगणार नाही. कोड दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमधून उघडा. व्हिडिओच्या खाली डाउनलोडचं चिन्ह असतं. शनिवारी शाळेच्या किंवा शेजाऱ्याच्या वायफायवर आठवड्याचे धडे उतरवून घ्या. व्हिडिओ मोठे असतात, फोनमध्ये एक-दोन जीबी जागा आधी मोकळी करा, नाहीतर डाउनलोड अर्ध्यात थांबतं आणि कारण दाखवत नाही. मग विमानाचं चिन्ह दाबून नेट बंद करा, धडा उघडा आणि फोन मुलाच्या हातात द्या.